मामाचा जंतू

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार-चमत्कार राहू दे. तुझा फोन बंद, नंबर बदललेला, निरोपाला उत्तर नाही. शेवटी तुझ्या जुन्या साहेबांना गाठलं. ते म्हणाले, कर्मचाऱ्यांचे पत्ते आम्ही बाहेर देत नाही. मी त्यांच्या ऑफिसातल्या बाकावर ठाण मांडून बसले. चहा आला, कप उचलून नेला, जेवणाची सुट्टी झाली, तरी मी हलेना, तेव्हा त्यांनी एका चिठोऱ्यावर पत्ता लिहून दिला. वर म्हणाले, तुमचे बंधू लिफ्टचे फार चांगले मेकॅनिक आहेत, पण मनाने फार हळवे. मी म्हटलं, हळवे नाहीत, हट्टी आहेत. आमच्या घराण्यात ते दोन्ही एकाच खणात ठेवलेलं असतं.

लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना तू आयुष्यभर ओरडून सांगत आलास, घाबरू नका, दाराशी झटापट करू नका, मी इथेच आहे. आणि घरात एक वाक्य बोललं गेलं तर हत्यारांची पेटी उचलून सकाळी चालता झालास. टिटवी शाळेला निघताना तुझ्या खोलीत डोकावली तर गादी गुंडाळलेली. मी म्हटलं, मामाची बदली झाली. ती तेरा वर्षांची आहे रे, तीन वर्षांची नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच नजर फिरवली.

टिटवीला टीबी निघाल्यावर आई जेवताना जे बोलली ते मीही ऐकलं. "पोरीला हे तुझ्याच खोकल्याने झालं. तूच दिलंस." वाढता वाढता बोलली, आवाजही चढवला नाही. तुझा टीबी बरा होऊन वर्ष उलटलं होतं, कोर्स पूर्ण झाला होता, थुंकी स्वच्छ होती. हे सगळं मी तिथल्या तिथे सांगितलं. पण निदान होण्याआधी तू दोनेक महिने खोकत होतास आणि ही बया तुझ्या मांडीला मांडी लावून गणितं सोडवत होती, हे मला नाकारता आलं नाही. टीबीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते ना मी. तुला बरं वाटावं म्हणून "शक्यच नाही" असं म्हणता येत नाही मला. म्हणून मी गप्प बसले आणि तू त्या गप्प बसण्याचा अर्थ लावलास.

बाकी सगळं ठीक. टिटवी औषधं घेते, बरी आहे, काळजी नको. आमच्याकडे एक नवीन यंत्र आलंय. दिसायला छोट्या ओव्हनएवढं, पण त्याच्यासाठी एका आख्ख्या खोलीची रंगरंगोटी झाली. मोठ्या बाई (आमच्या प्रमुख, तुला माहीत आहेत, त्यांना तू एकदा हवामान खातं म्हणाला होतास) कोणाला त्याच्या आसपास फिरकू देत नाहीत.

उत्तर लिही. भांडायला तरी लिही.

तुझी बारकी

२ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं.

मागच्या पत्रात टिटवी बरी आहे असं लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. तिला संध्याकाळचा ताप पुन्हा येऊ लागलाय. पहिल्या महिन्यात वजन वाढलं होतं तेवढं उतरलं. डॉक्टर म्हणतात, गोळ्या नीट घेते ना? माझ्या डोळ्यांदेखत घेते. आवाज बसलाय तिचा. त्या कार्टूनमधल्या खारीला आवाज द्यायची ना ती, ते डबिंगचं काम बंद केलं. टिटवी आणि आवाज बसलेली, हे घरात इतकं विचित्र वाटतं की परवा ती मोठ्याने भांडली तेव्हा मला बरं वाटलं.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी तुला सांगणार नव्हते. पण तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. डबिंगच्या स्टुडिओत तिच्याबरोबर काम करणारी आणखी दोन मुलं आजारी पडली. त्यांनाही तेच. तेव्हा साथींचा शोध घेणारे सरकारी डॉक्टर आमच्या घरी आले. भला माणूस आहे, पायांतले बूट दाराबाहेर नीट जोडीने ठेवले. घरात पूर्वी कोणाला टीबी होता का, असं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आईने सांगितलं, याच्या मामाला होता. "याच्या" म्हणाली, "हिच्या"सुद्धा नाही, इतकी घाईत होती.

डॉक्टरांनी एका कोऱ्या कागदावर वर एक गोल काढला आणि त्यात लिहिलं "मामा". त्यातून टिटवीकडे बाण. टिटवीकडून त्या दोन मुलांकडे दोन बाण. मग पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, चला, मूळ सापडलं. मी विचारलं, स्टुडिओतली मोठी माणसं तपासली का? ते म्हणाले, विचारलं, कोणी आजारी नाही, आणि ताई, आता गरज काय? घरातच तर होता.

दादा, मला त्या कागदाचा इतका राग आला. चुकीचा होता म्हणून नाही. तो बरोबर असू शकत होता म्हणून.

मी हे लिहिलं कारण तू तिकडे बसून तोच कागद मनात काढत असणार. एक बाण टिटवीकडे. आता तुझ्या खात्यावर मी आणखी दोन मुलं टाकली. वाचून तुला काय होईल ते मला कळतं. पण कळवलं नाही तर मी आईपेक्षा वेगळी कशी?

टिटवी विचारते, मामा माझ्यावर रागावलाय का. दोन ओळी तिला लिही. मला नको लिहूस.

बारकी

२१ मार्च

दादा,

आज रागाने नाही, उत्साहाने लिहितेय, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

मोठ्या बाईंनी तो बाणांचा कागद पाहिला. चष्मा कपाळावर चढवला आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "चित्र छान आहे. पुरावा कुठाय?" डॉक्टर म्हणाले, मामाला होता, भाचीला झाला. बाई म्हणाल्या, शहरात अशा किती घरांत किती मामा आहेत? मग त्यांनी ठरवलं की नवीन यंत्राची सुरुवात याच कामाने करायची. टिटवीचा जंतू, त्या दोन मुलांचे जंतू आणि तुझा.

तुझा कुठून आला विचारशील. तू घर सोडलंस, तुझा जंतू नाही सोडून गेला. दोन वर्षांपूर्वी तुझ्या थुंकीतून वाढवलेला नमुना आमच्या फ्रीझरमध्ये उणे ऐंशीला गप्प बसलाय. तुझ्यापेक्षा त्याचा पत्ता शोधणं सोपं गेलं.

तुला कळावं म्हणून सांगते. टीबीच्या जंतूच्या पोटात त्याची सगळी कुंडली असते, चव्वेचाळीस लाख अक्षरांची. एकाचे दोन होताना तो ती सगळी उतरवून काढतो. इतका नेटका आहे की वर्ष-दोन वर्षांत एखादं अक्षर चुकतं. पण चुकलं की ती चूक त्याच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांत जाते. नवीन यंत्र ही अक्षरं वाचतं. आता बाबा आठव. वर्गात कोणी कोणाचं गणित उतरवलं ते बाबा कसं पकडायचे? बरोबर उत्तरावरून नाही. ते कोणालाही येतं. एकच चूक दोन वह्यांत एकाच पायरीवर दिसली की बाबा दोघांनाही उभं करायचे. आमचं यंत्र तेवढंच करतं. तुझ्यातल्या जंतूच्या चुका टिटवीच्या जंतूत सापडल्या तर तो तुझ्याकडून आला. नाही सापडल्या तर नाही आला. तिथे आईचं मत चालत नाही, माझंही नाही.

मला मात्र या कामातून हाकललंय. बाई म्हणाल्या, नमुन्यांच्या नळ्यांपैकी दोन तुमच्या घरच्या आहेत, तुम्ही त्या खोलीच्या उंबऱ्यालाही शिवायचं नाही. नळ्यांवर नावं नाहीत, नुसते क्रमांक. कुठला कोणाचा ते फक्त बाईंना ठाऊक. मी बाहेर बसून दुसऱ्या जिल्ह्यांचे अहवाल टंकतेय. काल एकाच रुग्णाचं वय तीन वेळा चुकवलं.

तू प्रार्थना वगैरे करत नाहीस, मला माहीत आहे. मीही करत नाही. तरी.

बारकी

१० एप्रिल

दादा,

तू नाहीस. तू नाहीस, तू नाहीस. ते आधी लिहून टाकते, बाकीचं सावकाश वाच.

दुपारी मी कँटीनमध्ये बसले होते. मोठ्या बाई कँटीनमध्ये कधी येत नाहीत, डबा त्या केबिनमध्येच खातात. आज आल्या. हातात कागद. सगळी कँटीन चिडीचूप, कोणाची तरी हजेरी घेतली जाणार असं वाटून. त्या माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या भावाचा जंतू आणि तुमच्या मुलीचा जंतू यांच्यात अकराशेहून जास्त अक्षरांचा फरक आहे. त्या तिन्ही मुलांमध्ये आपापसांत दोनाचा. तुमच्या भावाचा या प्रकरणाशी काहीही संबंध नाही."

मी उठले आणि मोठ्या बाईंना मिठी मारली. हवामान खात्याला! त्या कपाटासारख्या ताठ उभ्या राहिल्या. मग एका हाताने माझ्या पाठीवर थापटलं आणि म्हणाल्या, पुरे, लोक जेवताहेत.

अकराशे म्हणजे काय ते लक्षात घे. वर्ष-दोन वर्षांना एक अक्षर चुकतं म्हटलं तर तुझा जंतू आणि टिटवीचा जंतू यांचा समान पूर्वज शोधायला कित्येक शतकं मागे जावं लागेल. एकाच घरात राहिले, एकाच पंख्याखाली जेवले, पण एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. इतके महिने तू ज्या ओझ्याखाली वाकतोयस ते तुझं नव्हतंच. मला रडू येतंय आणि हसूही येतंय. तुझे मेहुणे दारातून बघून गेले, म्हणाले, चालू दे.

आणि दुसरं ऐक. हे पहिल्यापेक्षाही मोठं आहे. टिटवीचा जंतू कोर्समधल्या एका मुख्य औषधाला दाद देत नाही. नेहमीच्या तपासणीत ते दिसत नाही, त्या तपासणीत दुसऱ्याच औषधाचं बघतात. अक्षरं वाचल्यावर दिसलं. म्हणून ताप येत होता, म्हणून वजन उतरत होतं. पोरगी रोज सकाळी मुकाट्याने गोळ्या गिळत होती आणि त्यातली एक नुसतीच पोटात जात होती. आज संध्याकाळीच डॉक्टरांनी औषधं बदलली. त्या दोन मुलांचीही. तुझ्या माथी आलेला हा आळ खोडायला निघालो नसतो तर हे कळायला आणखी किती आठवडे गेले असते, कोण जाणे.

आता एक काम तुझ्याकडे. तुझ्या जंतूची माहिती तुझी आहे. बाईंचा नियम म्हणजे नियम: तुझ्या परवानगीशिवाय ती आईला सांगायची नाही. मी म्हटलं, अहो, तिच्या एका वाक्यापायी तर हे सगळं. बाई म्हणाल्या, म्हणूनच. त्या माणसाबद्दल एकदा त्याला न विचारता बोललं गेलंय.

त्यामुळे मी घरात एवढी मोठी बातमी पोटात घेऊन फिरतेय आणि आई विचारते, पोट दुखतंय का. लवकर लिही, दादा. एक ओळ. एक शब्द.

तुझी (आणि टिटवीची) बारकी

२५ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड आलं. पाच महिन्यांत पहिली अक्षरं. मी जिन्यातच वाचलं. "नळी बदलली नसेल कशावरून? दुसऱ्या नळीतून पुन्हा तपासा. तेच आलं तर आईला सांग."

ना "प्रिय", ना "तू कशी आहेस". मी तिथेच पायरीवर बसले आणि तुला मनसोक्त शिव्या घातल्या. शेजारच्या काकूंनी दार उघडून पाहिलं. मग लक्षात आलं की हे तर तूच आहेस. लिफ्टचा ब्रेक दुरुस्त केल्यावर स्वतः वर-खाली दोनदा गेल्याशिवाय माणसं आत न घेणारा. निर्दोष ठरल्यावरसुद्धा पुन्हा तपासा म्हणणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

कार्ड मोठ्या बाईंना दाखवलं. दोनदा वाचलं त्यांनी. म्हणाल्या, "हा माणूस आमच्याकडे कामाला का नाही?" तुझी दुसरी नळी फ्रीझरच्या दुसऱ्या कप्प्यात आहे, वेगळ्या दिवशी, वेगळ्या हातांनी ठेवलेली. ती काढली. जंतू वाढायला आता तीनेक आठवडे लागतील. या जंतूला घाई माहीत नाही.

टिटवीला कार्ड दाखवलं. म्हटलं, मामा रागावलेला नाही, मामा शंका काढतोय. ती म्हणाली, मग बरा आहे.

तिचा ताप गेल्या आठवड्यात आला नाही. मी अजून मोठ्याने म्हणत नाही. लिहितेय फक्त.

बारकी

२२ मे

दादा,

दुसरी नळी. तोच निकाल. अक्षर न् अक्षर पहिल्या नळीसारखं, टिटवीपासून तेवढंच दूर. आता तरी झालं समाधान? का तिसरी नळी काढू?

आता मूळ कुठे होतं ते सांगते. साथवाल्या डॉक्टरांनी एप्रिलमध्येच तो बाणांचा कागद फाडला. माझ्यासमोर फाडला आणि म्हणाले, ताई, घरात मामा सापडला म्हणून मी पुढे बघितलंच नाही. मग स्टुडिओत गेले आणि या वेळी नुसतं विचारलं नाही, झाडून सगळ्यांची तपासणी केली.

ती डबिंगची खोली तू पाहिलेली नाहीस. आतून सगळा फोम लावलेला, खिडकी नाही, दार जाड. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद आणि एसीही बंद, कारण माइक त्याची घरघर पकडतो. मुलं उकडून निघतात. आणि त्यांच्याबरोबर आत उभे असतात कडक सर. मुलांनी ठेवलेलं नाव. ते डबिंग शिकवतात. पडद्यावर खारीचं तोंड उघडलं की खांद्याला हात लावतात, मग मुलानं बोलायचं. त्यांच्या हाताच्या टायमिंगवर टिटवीचा फार जीव. तास-तासभर ते सगळे एकच हवा आत-बाहेर करत होते.

सरांना खोकला होता. पण ते सिगारेट ओढतात, म्हणून कोणाच्या डोक्यात आलं नाही, त्यांच्याही नाही. वर टेक, म्हणजे एका दमातलं रेकॉर्डिंग, चालू असताना खोकायचं नाही ही त्यांची शिस्त. दाबून ठेवायचे. टेक संपला की, दार उघडायच्या आधीच, तिथेच खोकून घ्यायचे. हे कोणी सांगितलं, तर काचेपलीकडे बसून आवाज मुद्रित करणाऱ्या काकांनी. ते डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, वर्ष झालं, मी प्रत्येक टेकच्या शेवटी त्यांचा खोकला कापतोय. मला वाटलं, माझं काम खोकला कापायचं, मोजायचं नाही." डॉक्टर म्हणे बाहेर जाऊन पाणी प्यायले.

सरांच्या छातीचा फोटो पाहिला तर जुनं मोठं भगदाड. त्यांचा जंतू गेल्या आठवड्यात वाचून झाला. तिन्ही मुलांच्या जंतूंत सरांचा मजकूर जसाच्या तसा आहे, त्यावर एखाद्या ठिकाणी प्रत्येकाची आपली एक नवी चूक. बाबांनी चौघांना एका ओळीत उभं केलं असतं. सर दवाखान्यात आहेत, त्यांचंही औषध बदललं, सुधारताहेत. फार रडले म्हणे. मी भेटायला गेले होते. म्हटलं, सर, तुम्हीही कोणाकडून तरी घेतलाच होता ना, दुकानातून विकत तर आणला नाही. आणखी एक माणूस त्या ओझ्याखाली वाकलेला मला बघायचा नव्हता. त्या स्टुडिओतल्या आणखी दोघांना आजार सुरुवातीलाच सापडला. खोकला सुरू व्हायच्या आत! मोठ्या बाईंनी पहिल्यांदा आम्हा सगळ्यांना स्वतःच्या खर्चाने आइस्क्रीम दिलं.

आणि आईला सांगितलं.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी समोर बसले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं, बाबांच्या वह्यांसकट. ती घड्या घालत राहिली. संपल्यावर म्हणाली, "म्हणजे त्याचा काहीच दोष नव्हता."

"नव्हता."

"आणि त्या स्टुडिओत तिला दर रविवारी मी घेऊन जात होते."

मला ते सुचलंच नव्हतं, दादा. खरंच नव्हतं. तिची हौस होती ना ती. नात कार्टूनमध्ये बोलते म्हणून सगळ्या सोसायटीला सांगायची. बाहेरच्या खुर्चीवर विणकाम घेऊन बसायची. मी घाईघाईने म्हटलं, आई, तू तिला आवडतं म्हणून नेलंस, त्यात दोष कसला, जंतूला काय माहीत कोण कोणाला कशासाठी घेऊन आलंय. ती म्हणाली, "हेच तू त्या रात्री त्याच्यासाठी बोलायला हवं होतंस. आणि मी ऐकायला."

मग उठून स्वयंपाकघरात गेली. तुझं वेगळं ठेवलेलं ताट आठवतंय? तू बरा झाल्यावरही ते वरच्या फळीवरच राहिलं होतं. कोणी ठेवा म्हटलं नव्हतं, काढा असंही म्हटलं नव्हतं. स्टुलावर चढून तिने ते काढलं, घासलं आणि सगळ्या ताटांच्या गठ्ठ्यात मधोमध सारलं. आता कुठलं ते मलाही ओळखू येत नाही.

चार दिवस झाले, बोलत नाही फारशी. मी म्हटलं, दादाला पत्रात काय लिहू तुझ्याकडून? म्हणाली, काही लिहू नकोस.

मी रागावले नाही तिच्यावर. का ते सांगता येत नाही.

बारकी

५ जुलै

दादा,

टिटवीची थुंकी स्वच्छ आली. एकदा नाही, लागोपाठ दोनदा. (तुझ्यासाठी मुद्दाम लिहिलं.) वजन वाढलंय, फ्रॉक दंडात घट्ट होतात. आवाज परत आलाय आणि त्याबरोबर सगळी जुनी भांडणंही परत आलीत. स्टुडिओवाल्यांनी त्या खोलीला हवा खेळवणारा पंखा बसवला, आवाज न करणारा, बराच खटाटोप करून. पहिलं रेकॉर्डिंग टिटवीनेच करावं असा मुलांचा आग्रह आहे. साथवाले डॉक्टर आता कुठेही गेले की आधी बाण काढत नाहीत, आधी नळ्या मागतात. दुसऱ्या दोन शहरांतून मोठ्या बाईंना बोलावणी आली आहेत, आणि या वेळी यंत्रापाशी मी बसणार आहे, घरचं कोणी नळीत नाही म्हणून.

अजून तिची औषधं काही महिने चालू राहतील. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहेत. रोज सकाळी, नाश्त्यानंतर, तुझ्या डोळ्यांदेखत. ती म्हणेल, घेतली. विश्वास ठेवू नकोस. तिच्याकडून आता कोणाला काही लागत नाही, डोकेदुखी सोडून.

कुठली पिशवी, असं म्हणत असशील.

मी आईला पुन्हा विचारलं होतं, तुझ्याकडून काय लिहू. तेव्हा ती म्हणाली, "मी त्याला ते तोंडावर बोलले होते. आता हेही तोंडावरच बोलायला हवं." गाडीची चौकशी तिने स्वतः केली. गुडघे दुखतात म्हणून मी सोबत येते म्हटलं, तर म्हणाली, तू नको, तू मध्ये मध्ये बोलतेस. टिटवीला घेतलं, कारण वाटेत बोलायला कोणीतरी हवं आणि दारात बोलणं सुचलं नाही तर हिला पुढे करता येईल. हे ती म्हणाली नाही. मला कळलं.

तिला तुझं दार माहीत नाही, म्हणून चिठोऱ्यावरचा पत्ता दिला आहे आणि वर हे पत्र. हे टपालाने आलेलं नाही, तुझ्या लक्षात आलंच असेल. ज्या हातातून तू ते घेतलंस तो हात आईचा आहे.

मी तुला ओळखते. तू पत्र घेतलं असशील आणि तिच्या तोंडाकडे बघायला नको म्हणून दारातच उभा राहून वाचायला लागला असशील. तीही काही बोलत नसणार. रात्रभर गाडीत बसून आली आहे, दादा. वाचणं थांबव आणि तिला आत घे.